मखमलीची खोळ

मी खोळ. पनवेलच्या एका शाळेतल्या कॉम्प्युटरवर घालायची, मरून रंगाची, मखमलीची. शाळेत सगळे मला कव्हर म्हणतात, म्हणोत बापडे. माझं घराणं मोठं आहे. स्नेहसंमेलनाच्या स्टेजचा पडदा शिवला, त्याच्या उरलेल्या कापडातून मी झाले. पडदा निदान वर्षातून एकदा उघडतो तरी. माझ्या नशिबी नुसतं झाकणं आलं, आणि ते मी चोख केलं.

आमच्या लॅबचं लोकांनी देऊळ करून टाकलं होतं. दाराबाहेर चपलांची रांग, आत मुलं दबक्या पावलांनी. एका कॉम्प्युटरपुढे चार-पाच डोकी, माऊस एकाच्या हातात आणि बाकीचे नुसते दर्शनाला! तास रंगात आला की मुख्याध्यापक कमळाकर सर दारात येऊन म्हणायचे, "चला, कव्हरं घाला." दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हारसुद्धा माझ्यावरच. खोळ काढली तर धूळ बसेल ना! मी आपली फुशारून जायची.

सर वाईट नव्हते हो. दारोदार फिरून त्यांनी ते कॉम्प्युटर मिळवले होते. एक बिघडला तर दुसरा कोण देणार, या धास्तीनं ते लॅबची किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे.

मला घालायचं काम कोमलचं. ही आठवीतली, कोळीवाड्यातली मुलगी. बाकाच्या टोकाला बसायची, आणि माऊस तिच्यापर्यंत पोचायच्या आत घंटा व्हायची. मग ती मला चढवायची, माझ्या सुरकुत्या तळहातानं सारख्या करायची आणि माझ्याआडून हळूच एखादं बटण दाबून बघायची. बंद कॉम्प्युटरचं बटण! मला आधी हसू यायचं, मग तिची दया यायची.

यंदा विज्ञानाच्या मिरियम टीचरांनी एक योजना मांडली. आठवीच्या प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप, तोही घरी न्यायचा. लॅपटॉप द्यायला एक ट्रस्ट तयार होता. ते घरी जाणार की कुलपात राहणार, एवढंच शाळेनं ठरवायचं होतं.

"घरी?" सरांच्या हातातला चहा बशीत सांडला. "टीचर, कुणाच्या घरी पाणी गळतं, कुणाकडे धाकटी भावंडं. कोळीवाड्यात तर माशांचं पाणी! आठवड्यात भंगार होईल सगळं."

"मग एक देऊन बघू ना सर. ट्रायल घेऊ."

सरांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "ठीक आहे. एक लॅपटॉप, एक घर, एक आठवडा. धडधाकट परत आला तर सगळ्यांचे घरी. नाहीतर सगळे लॅबमध्ये, कुलपात. पुन्हा विषय काढायचा नाही."

टीचरांनी नाव घेतलं कोमलचं. लॅपटॉपला पिशवी नव्हती, म्हणून सरांनी स्वतः मला काढून त्याभोवती गुंडाळलं. अशी मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेबाहेर पडले.

काय सांगू तो आठवडा! कोमलच्या घरी लॅपटॉप ओट्यावर उघडा आणि मी बाजूला घडी घालून. कोमल पहिल्या दिवशी एका बोटानं टाइप करायची, चार दिवसांत दहा बोटांवर आली. खाडीतल्या माशांवर तिनं प्रकल्प सुरू केला. मासळी विकून आलेली आजी, गुणाबाई, शेजारी बसून नावं सांगायची.

"आजी, हळू सांग ना! माझी बोटं पोचत नायत."

"मंग पलव ना जोरात! मासा काय तुजी वाट बघत ऱ्हातो?"

मी बिनकामाची पडून होते आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं. माझं मलाच नवल वाटलं.

परत द्यायच्या दिवशी सकाळी घात झाला. कोमल आंघोळीला गेली होती, प्रकल्पाचा व्हिडिओ लॅपटॉपमध्ये तयार होत होता. गुणाबाईंना वाटलं, आज हे साहेबांच्या हाती सुखरूप पडायला हवं. त्यांनी झाकण मिटलं, मला दोन वेढे घालून आवळलं, वर मासळीचं जाड प्लास्टिक, वर सुतळीची गाठ. जाळ्याला मारतात तसली. खाऱ्या वाऱ्याची आत शिरायची काय बिशाद! पण झाकण मिटलं तरी आत काम चालूच होतं. लॅपटॉप तापत गेला. मी मखमल, जाडजूड. आतली ऊब आतच कोंडली गेली. मला सगळं कळत होतं, पण खोळीला तोंड कुठं असतं?

ऑफिसात सर, मिरियम टीचर आणि ट्रस्टच्या मनिषाताई बसल्या होत्या. गाठ कापली. सरांनी आधी माझा वास घेतला आणि नाक मुरडलं. मग बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काळा तो काळाच.

"म्हटलं नव्हतं?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगायलाच हवं.

कोमलचा चेहरा पांढराफटक पडला. दाराशी उभ्या गुणाबाईच पुढे आल्या. "साहेब, पोरीचा काय दोस नाय. मीच बांदला. खारी हवा लागंल, पानी लागंल म्हून घट्ट बांदला. आमी गरीब असू, पन दुसऱ्याची वस्तू जपायची आमाला ठावं हाय."

मिरियम टीचरांनी लॅपटॉपला हात लावला आणि पटकन मागे घेतला. "सर, हा तव्यासारखा तापलाय! बिघडला नसेल. उघडा राहू दे, पंख्याखाली."

त्यांनी मला दूर सारलं. सगळे वाट बघत बसले. गुणाबाई पदरानं वारा घालू लागल्या, तेव्हा मनिषाताईंनाही हसू आलं.

वाट बघता बघता टीचर म्हणाल्या, "सर, आम्हा ज्यू लोकांकडे शुक्रवारी संध्याकाळी पावावर मखमलीचा रुमाल घालतात. मोठ्या मानाचा. पण प्रार्थना झाली की तो काढतात. नाहीतर खाणार कधी?"

सर माझ्याकडे बघत राहिले.

मग कोमलनं बटण दाबलं. मी श्वास रोखला होता, खोळीला जेवढा रोखता येतो तेवढा. बारीक दिवा लागला. पडदा उजळला आणि कोमलनं त्यावर लावलेल्या फोटोत गुणाबाई बोटभर मांदेली हातात धरून हसत होत्या. कोमलनं आजीच्या कमरेला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. माझा जीव भांड्यात पडला!

सरांनी चष्मा पुसला. "आजी, तुम्ही जे एका सकाळी केलंत, ते मी इतकी वर्षं करत आलो," असं म्हणून त्यांनी आतल्या खिशातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "मनिषाताई, सगळे घरी जाऊ देत."

आता लॅपटॉप नव्या पिशव्यांतून ये-जा करतात. बाकीच्या खोळी कपाटात निवांत झोपल्यात. माझा मासळीचा वास काही जाईना, म्हणून सरांनी मला लॅबच्या उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून घातलं. मानहानी वाटली का म्हणता? अहो, कशाची मानहानी! झाकून झाकून माझा जीव विटला होता.

तुम्हाला एकच सांगते. वस्तू जपा, मुलंही जपा, पण त्यांना वारा लागू द्या.

परवा पाचवीतली एक मुलगी दाराशी थबकली. "ताई, चप्पल काढू?"

"नको गं. पाय पूस आन ये," कोमल म्हणाली. मग ती वाकली, सवयीनं तळहातानं माझ्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि चपलांसकट माझ्यावरून आत गेली. थोड्याच वेळात आतून बटणांचा आवाज येऊ लागला.