तांब्याच्या पानातलं भोक

कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या देवीच्या मंदिरात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. लोणावळ्याला फिरायला आलेली माणसंही गाड्या वळवून तिथे येत. सत्तरीतले म्हातारे तिथे चष्म्याशिवाय पोथीतली बारीक अक्षरं वाचत.

पानबाबा त्यांच्या डोळ्याला तांब्याचं पिंपळपान लावायचा. "चष्मा म्हंजी डोळ्याची कुबडी. आईनं ह्या पानात सूर्य बांधलाय. दुसरा डोळा झाका, आन् वाचा. वाचता आलं न्हाई तर समजा, तुमच्या मनात शंका हाय."

आता शंका आहे हे चारचौघांत कोण कबूल करणार?

एका मंगळवारी माझी मुक्तामावशी पुढे झाली. तिने पान डोळ्याला लावलं आणि अडखळत दोन ओळी वाचल्या. "दिसतंय की गं, अनिता. मुंगीएवढं अक्षर दिसतंय."

मला क्षणात कळलं. पानाला सुईएवढं भोक होतं. माणसाला दिसतं कसं, यावर मी पुण्यात तीस वर्षं संशोधन केलं आहे. ही युक्ती तर पहिल्या वर्षाच्या मुलांना करून दाखवते. पण कार्यक्रम मावशीच्या जावयाने, मारुतीने भरवला होता. मला पुढची खुर्ची त्यानेच दिली होती. बाबा माइकवर म्हणाला, "परदेशात शिकल्याल्या डाक्टरीणबाई बी आल्यात आईच्या दर्शनाला." सगळे माझ्याकडे वळले. मी हात जोडले. घरच्यांचा विरस नको, एवढाच विचार केला आणि पुण्याला परतले.

दीड वर्षाने मारुतीचा फोन आला. मावशी दारात उभ्या केलेल्या मोटरसायकलवर आदळून पडली होती. तिला काचबिंदू होता. रोज थेंब घालायचे, हे मीच तिला बजावलं होतं. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर गेली, ती परत येणार नाही.

"थेंब कधी बंद केलेस?" मी मावशीला भेटायला गेल्यावर विचारलं.

"त्याच मंगळवारी. बाबा म्हनला, आता कशाला? मी तुज्याकडं बगितलं, तर तू हात जोडल्यालेस. म्हनलं, हिला ठावं आसंल."

ती रागावली नव्हती. म्हणूनच मला मान वर करता येईना.

पुढच्या मंगळवारी मी जुन्या लग्नपत्रिका आणि सुई घेऊन मंदिरात गेले. रांगेतल्या रतनबाईंना एका पत्रिकेला भोक पाडून दिलं. उन्हात उभ्या राहून त्यांनी पोथी वाचली. मग त्यांच्या मागच्यांनी वाचली.

"आईची परीक्षा घेऊ नका," बाबा म्हणाला. "पान मंतरल्यालं हाय."

"मंग पत्रिका कुनी मंतरली?" रतनबाईंनी विचारलं. त्यांनी कपाळाची टिकली काढून पानाच्या भोकावर चिकटवली आणि पान डोळ्याला लावलं. "आता काईच दिसंना. आई कुटं गेली, महाराज?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी माइक घेतला.

"बारीक भोकातून मोजकाच उजेड आत जातो. पसरणारे किरण अडतात, म्हणून अक्षर रेखीव दिसतं. पान काढलं की डोळा होता तसाच. काचबिंदूत नजर कडेने विझत येते आणि गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय. यावर मी आयुष्यभर निबंध लिहिले. मुक्तामावशीला हे कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं, तरी मी इथे बसून हात जोडले."

मारुती खाली बघत म्हणाला, "बाबाला हितं बोलवलं तर मीच हुतं."

बाबा मागच्या दाराने गेला. नंतर तो कुठे दिसला नाही, पण दुसऱ्या कुठल्या गावात पान लावत असेलच.

म्हणून हे लिहिते आहे. फसलेल्यांनी लाजू नये. डोळा सगळ्यांनाच फसवतो. त्यांनी फक्त डोळे तपासून घ्यावेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. लाजायचं ते माझ्यासारख्यांनी, ज्यांना युक्ती दिसते आणि जे पाहुणचारापायी गप्प बसतात. तुम्हाला दिसली, तर तिथल्या तिथे उभं राहून बोला. दीड वर्षाने बोलून मी मावशीला काहीच परत देऊ शकले नाही.