कोर्टात झील धरायची नाही

लुव्हिनिया टार्व्हर यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि मागच्या बाकांवर बसलेलं काळ्या लोकांचं सगळं माउंट नेबो चर्च एका आवाजात म्हणालं, "आमेन!"

जज्ज कॉर्बेट यांनी हातोडा आपटला.

"मंडळी, हे देऊळ नव्हे, टॅनर काउंटीचं कोर्ट आहे. इथं झील धरायची नाही. पुन्हा आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढीन."

"देऊळ नाही ते दिसतंयच," चर्चचे कारभारी डीकन पर्व्हिस शेजारणीच्या कानात पुटपुटले. "हातपंखेसुद्धा ठेवले नाहीत मेल्यांनी."

शेजारणीनं त्यांना कोपर मारलं.

लुव्हिनियाबाई साक्षीदाराच्या खुर्चीत बसल्या. टोपी सरळ केली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. समोर प्रतिवादीच्या टेबलाशी हॉलिस ब्रँटली बसले होते. लहानपणीच अटलांटाला गेलेले हॉलिस निवृत्त होऊन वडिलांच्या जमिनीवर परतले, पाइनचं रान हरणांच्या शिकाऱ्यांना भाड्यानं दिलं आणि रानातून जाणाऱ्या रस्त्यावर फाटक घालून कुलूप लावलं. त्या रस्त्याच्या टोकाला माउंट नेबोची दफनभूमी होती. तिथं लुव्हिनियाबाईंचा नवरा क्लीओफस विसावला होता, आणि त्याच्या उजव्या हाताला त्यांची स्वतःची जागा. डॉक्टरांनी वसंतात जे सांगितलं होतं, ते त्यांनी चर्चमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. वकीलबाईंना तेवढं म्हणाल्या होत्या, "लवकर लाव गं बाई केस. मला घाई आहे."

पण जॉर्जियाचा कायदा नुसत्या जाण्यायेण्याला हक्क मानत नाही. परक्याच्या जमिनीतली वाट आपली म्हणायची, तर ती वर्षानुवर्षं आपण दुरुस्तही केली पाहिजे. आणि सकाळी हॉलिस ब्रँटली शपथेवर सांगून बसले होते, "त्या रस्त्यावर मी कधी कुणाच्या हातात फावडं पाहिलं नाही." सांगताना ते डगमगले नव्हते. ज्युरीतल्या दोघातिघांनी मानही हलवली होती.

"लुव्हिनियाबाई," चर्चच्या वकील रोझलिन डँझी यांनी विचारलं, "रस्ता कोण दुरुस्त करायचं?"

"आम्हीच. ऑगस्टमध्ये, चर्चच्या मेळाव्याच्या आदल्या शनिवारी. लाल मातीचा रस्ता तो. पाऊस त्याला खाऊन टाकतो. आम्ही सॉल्टर ओढ्याचे गोटे आणून खड्डे भरायचो."

ब्रँटलींचे वकील पिटमन अर्धवट उठले. "साहेब, बाई सांगतात ते खरं मानायला तिऱ्हाइताचा एक शब्द तरी आहे का? सगळे साक्षीदार एकाच चर्चचे."

"ते ज्युरी ठरवील. बसा."

"काम कसं चालायचं ते सांगा," डँझीबाई म्हणाल्या.

लुव्हिनियाबाई घुटमळल्या. "सांगता नाही येणार मुली. ते गाण्यावर चालायचं. आई पुढं होऊन ओळ म्हणायची, मागचे झील धरायचे, आणि झिलीबरोबर फावडं पडायचं. गाणं काढून घेतलं तर माझ्या हातात काहीच राहत नाही."

"हरकत आहे!" पिटमन म्हणाले. "गाणं म्हणजे साक्ष नव्हे."

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांचं बालपण अशाच एका काउंटीत गेलं होतं. "काम कसं होतं ते बाई दाखवताहेत. दाखवू द्या. थोडक्यात, बाई. आणि मागच्या मंडळींनी लक्षात ठेवा, मी काय म्हणालो ते."

लुव्हिनियाबाईंनी डोळे मिटले.

"खड्डा कुणी पाडला गं, वाटेला माझ्या?"

आवाज वयानं चिरकलेला, पण सुरात होता. ओळ छताला जाऊन भिडली आणि तिथंच थांबली. मागच्या बाकांवर ओठ दातांखाली गेले. डीकन पर्व्हिसनी तोंडात रुमाल कोंबला. ज्यांनी जन्मात एकही ओळ एकटी सोडली नव्हती, ती माणसं मान खाली घालून बसली होती.

बाईंना पुढची ओळ येईना. रविवारी रेव्हरंड मॅबरींचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात चढतं, तेव्हा सगळं चर्च त्यांना श्वास पुरवत असतं. समोरून उत्तर आलं नाही तर म्हणणाऱ्यानं पाय कुठं टाकायचा? त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पिटमन घड्याळाकडे पाहू लागले.

त्यांनी पुन्हा तीच ओळ घेतली. या वेळी अगदी हळू, विनवणी केल्यासारखी.

"खड्डा कुणी पाडला गं, वाटेला माझ्या?"

"पावसानं पाडला, मी बुजवीन, सॉल्टरचा गोटा दे... आणखी एक दे."

आवाज पुरुषाचा होता. जाड, घोगरा, किंचित बेसूर. पण ठेका चुकला नव्हता.

जज्जसाहेबांचा हात हातोड्यावर गेला. त्यांनी मागच्या बाकांवरून नजर फिरवली. सगळ्यांचे ओठ मिटलेले, डोळे मात्र विस्फारलेले.

साक्ष टिपून घेणाऱ्या मिसेस ग्लॅडनींची बोटं थांबली. "साहेब," त्यांनी विचारलं, "हे कोण बोललं म्हणून लिहू?"

पिटमन आपल्या अशिलाकडे पाहत होते. हॉलिस ब्रँटलींचे दोन्ही हात टेबलावर पुढं झाले होते, खाली कुणाला गोटा द्यावा तसे. आपल्याच हातांकडे ते टक लावून पाहत होते.

"माझं नाव लिहा," ते म्हणाले आणि उभे राहिले.

"बसा, हॉलिस," पिटमन दातांतल्या दातांत म्हणाले.

हॉलिस बसले नाहीत.

काही गाणी देव कुणाच्या गळ्यात ठेव म्हणून ठेवतो, ते गळ्यालाही ठाऊक नसतं.

डँझीबाईंनी त्यांना पुन्हा साक्षीला बोलावलं. लुव्हिनियाबाई खाली उतरल्या, ते वर चढले. दोघं पायरीपाशी एकमेकांना वाट द्यायला थबकले.

"हे गाणं कुठं शिकलात, मिस्टर ब्रँटली?"

"शिकलो असं नाही... वडील ट्रॅक्टर द्यायचे. गाडीत गोटे भरलेले असायचे आणि त्यांच्यावर मी. वरून एकेक गोटा खाली द्यायचो."

"कुणाला?"

"यांच्या माणसांना." त्यांनी मागच्या बाकांकडे हात केला. "दर ऑगस्टात."

"सकाळी तुम्ही म्हणालात, कधी पाहिलं नाही."

"सकाळी मला आठवत नव्हतं, बाई." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "आता गोट्यांचा ओलेपणासुद्धा आठवतोय."

पिटमननी उलटतपासणी घेतली नाही.

ज्युरी आत गेली आणि कॉफी निवायच्या आत बाहेर आली. पुढारीण होती कोंबड्या पाळणारी एक दणकट बाई. "निकाल चर्चच्या बाजूनं," ती म्हणाली, आणि कागदावर नव्हतं तेही तिनं जोडलं, "आम्हा बाराही जणांचा." जज्जसाहेबांनी निकाल नोंदवून घेतला. फाटक संध्याकाळच्या आत उघडायचं, पुन्हा लावायचं नाही. कामकाज संपल्याचा हातोडा पडला आणि माउंट नेबोनं कोर्टाचं छत उचललं. टोप्या उडाल्या. रेव्हरंड मॅबरी डीकन पर्व्हिसच्या गळ्यात पडून रडले. जज्जसाहेब आतल्या दाराशी क्षणभर रेंगाळले आणि मग हळूच दार ओढून घेत निघून गेले.

बाहेर पायऱ्यांवर बायका लुव्हिनियाबाईंना दोन्ही बाजूंनी धरून उतरवत होत्या. खाली हॉलिस ब्रँटली हातात टोपी घेऊन उभे होते.

"मिस लुव्हिनिया," ते म्हणाले, "त्याच्या पुढची ओळ काय होती? मला तेवढीच येते."

लुव्हिनियाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आयुष्यभर त्या ब्रँटलींच्या गोऱ्या घराण्यातल्या प्रत्येकाला मिस्टर म्हणत आल्या होत्या.

"ती अशी रिकाम्या हातानं येत नाही, हॉलिस," त्या म्हणाल्या. "शनिवारी ये. फावडं तुझं तू आण."