मशीनचा खटका

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या रायफल क्लबमध्ये अवधूत देवधर हा एकटाच मराठी मेंबर होता. सॉफ्टवेअरच्या नोकरीतून सुटका म्हणून तो रविवारी टार्गेटवर नेम धरायचा, आणि त्याला लागणारी काडतुसं घरच्या गराजमध्ये स्वतः भरायचा. वापरलेली पितळी पुंगळी मशीनच्या गोल तबकडीवर बसवायची आणि दांडा ओढायचा. प्रत्येक ओढीला तबकडी एक घर पुढे सरकायची. एका घरात पुंगळीत दारू पडायची, पुढच्या घरात तिच्यावर गोळी बसायची.

२००६च्या उन्हाळ्यात त्याचे बाबा पुण्याहून राहायला आले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. मुरलीधर देवधरांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी खात्यात झालेली. आल्यापासून गप्प असलेले बाबा गराजमधलं मशीन बघून एकदम खुलले. लायसन्स अवधूतचं, त्यामुळे तो शेजारी असतानाच बाबांनी दांडा ओढायचा, असं ठरलं. लहानपणी ज्या बाबांशी कामापुरतंच बोलणं व्हायचं, त्यांच्याबरोबर अवधूत आता अख्खी दुपार बसू लागला. मध्येच ऑफिसचा फोन आला की तेवढा तो बागेत जाऊन बोलून यायचा.

जुलैत मशीन अडकलं. तबकडी पुढे ढकलणारा छोटा पोलादी खटका वाकला होता. अवधूतने कंपनीच्या कस्टमर सर्व्हिसला फोन केला. कीथ नावाच्या माणसाने दोन-चार प्रश्न विचारले आणि नवा खटका पोस्टाने पाठवला. थोड्याच दिवसांत तोही वाकला.

या वेळी अवधूत चिडला. "तुमचा पार्टच डिफेक्टिव्ह आहे," तो फोनवर म्हणाला.

"असेलही. अख्खं मशीन पाठवून द्या, आधीचा वाकलेला खटकाही पाठवा, मी स्वतः बघतो," कीथ शांतपणे म्हणाला.

मशीन पोचल्यावर कीथचा फोन शनिवारी सकाळी आला.

"मिस्टर देवधर, दोन्ही खटके उलट्या बाजूला वाकलेत. दांडा ओढून असं होत नाही. कुणीतरी तबकडी हाताने, जोर लावून मागे फिरवतंय. तुमच्याशिवाय हे मशीन कुणी वापरतं का?"

"नाही," अवधूत ताडकन म्हणाला.

"मी हे का विचारतोय ते सांगतो. तबकडी मागे गेली तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडते. असं काडतूस उडवलं तर रायफल तुमच्या तोंडावर फुटेल. आधी भरलेली असतील तर प्लीज, एकही वापरू नका."

अवधूतने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी क्लबची मॅच होती आणि त्यासाठी भरलेला डबा कपाटात तयार होता.

त्याने डबा काढला आणि एकेका काडतुसातली गोळी उपटून आतली दारू ताटलीत ओतायला बसला. बाबा चहाचा कप घेऊन आले.

"चांगली भरलेली काडतुसं का मोडतोयस?"

"चेक करतोय, बाबा."

बाबा शेजारी बसले. बऱ्याच पुंगळ्या ठीक निघाल्या. मग एकीतून दारू पडतच राहिली. ताटलीतला ढीग आधीच्या ढिगांच्या दुप्पट होता. बाबांनी कप खाली ठेवला. काही सांगायची गरजच नव्हती.

"बाबा, मी फोनवर असताना तुम्ही तबकडी मागे फिरवायचात का?"

"मी? मी कशाला फिरवीन?" बाबांचा आवाज चढला. "मशीनमध्येच खोट आहे. लाव त्यांना फोन. माझ्यासमोर लाव!"

आवाज ऐकून अवधूतची बायको सुनीती दारात आली. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून. पण बाबा हट्टाला पेटले होते. अवधूतने नंबर फिरवला. कीथने फोन उचलला तेव्हा काय बोलायचं हे अवधूतचं ठरलेलं नव्हतं. मशीनला दोष दिला असता तर बाबा शांत झाले असते. पण मग मशीन परत आलं असतं आणि बाबा पुन्हा त्यावर बसले असते.

"कीथ, मी मघाशी खोटं बोललो," तो इंग्रजीत म्हणाला. "माझे वडील वापरत होते. मशीन ठीक आहे."

बाबांना इंग्रजी चांगलं कळायचं. ते उठून आत गेले.

कीथ म्हणाला, "तुम्हाला काही झालं नाही ना? मग बरं. मशीन मी इथेच ठेवतो. हवं तेव्हा सांगा."

दिवसभर बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. संध्याकाळी सुनीती वरणभाताचं ताट घेऊन वर गेली, तेव्हा त्यांनी तिलाच बसवून घेतलं आणि अवधूतलाही बोलावलं.

"दांडा ओढलाय की ओढायचाय, तेच मला आठवायचं नाही," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "म्हणून तबकडी मागे घेऊन बघायचो. पुण्यात पण असंच व्हायचं. एकदा बँकेतून परत येताना घराची गल्लीच सापडेना. मनात म्हटलं, वय झालं."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"तू मला शेजारी बसवून घेत होतास रे. सांगितलं असतं तर उठवलं असतंस."

सुनीतीने बाबांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी अवधूतकडे पाहिलं. डोळ्यांत नुसती भीती होती.

"अवी, हे कारखान्यात असतानाच सुरू झालं नसेल ना? हजारो पेट्यांवर माझी सही आहे. त्या पुढे गेल्या, फौजेतल्या कुठल्या कुठल्या पोरांच्या हातात पडल्या."

"नाही हो, बाबा. तुम्हाला रिटायर होऊन किती वर्षं झाली. तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात."

"तुला काय माहीत? तू कुठे होतास तिथे?"

महिन्याभराने अवधूत रजा काढून त्यांना पुण्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि घरच्यांना वाटत होतं तेच, अल्झायमरचं, नाव सांगितलं. हे नोकरीत असताना नव्हतं, असंही त्यांनी बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. रिक्षात बसल्यावर त्यांनी अवधूतचा हात घट्ट धरला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.