जाळं केवढं, भोक कुठे

थोरल्यांचा संशय इतका तयार होता की स्वतःची सावली मागून येताना दिसली, तर ते बाजूला सरून तिला पुढे जाऊ देत. सावलीही मुकाट्याने पुढे जायची, असं त्यांचे दोन्ही कारागीर शपथेवर सांगत. पण चादरींवरची नक्षी काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी काढलेलं पान खरं समजून एक सुरवंट दोन दिवस कागदावर मुक्कामाला होता. शेवटी उपाशीपोटी निघून गेला.

त्यांचा कारखाना अर्धा होता. उरलेला अर्धा धाकट्या भावाचा. अकरा वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं, मधे एका विटेची भिंत उभी राहिली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. आता तीन आठवडे एक भलतंच चाललं होतं. थोरल्यांनी सोमवारी वेल काढावी आणि गुरुवारी तीच वेल रंगून चादरीवर चढून धाकट्याच्या दुकानाच्या काचेत लटकावी. नुसतं साम्य नव्हे. तेच पान, तोच बाक, देठाला तीच गाठ.

"भिंतीला कान असतात हे ऐकून होतो," थोरले म्हणाले, "डोळे कधी फुटले?"

संशय फिरून फिरून सुनेपाशी आला. मुलगा परदेशात जहाजांची इंजिनं दुरुस्त करत होता. इकडे कारखान्यातले तिन्ही कॉम्प्युटर, नक्षीचं कपाट आणि त्याच्या किल्ल्या चार वर्षं सूनच सांभाळत होती. शिवाय पुरावा होता. थोरले आतल्या खोलीत टॅब्लेटवर नक्षी काढत, 'छापा'वर बोट टेकवत आणि उठून बाहेरच्या खोलीत प्रिंटरपाशी जात. तर कागद गायब. शेजारी सून बसलेली, चेहरा असा की जणू ती त्या गावचीच नाही.

सोमवारी त्यांनी दोन्ही कारागिरांदेखत सुनावलं, "किल्ल्या इकडे दे. शुक्रवारपर्यंत चोर सापडला नाही, तर तू आपली नवऱ्याकडे जा. या कारखान्यात तुझं काम नाही."

सुनेने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "शोधा बाबा. पण नीट शोधा. तुमचं शोधणं नेहमी मला पाहिलं की थांबतं."

मग तारमास्तर आले. पेशाने कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे, अंगाने स्वतःच्याच शिडीसारखे. त्यांनी बोटांवर मोजत समजावलं, "कॉम्प्युटरची जाळी मापावर ओळखतात. पहिलं हाताच्या अंतरातलं, म्हणजे टॅब्लेट, त्याचं पेन, जवळपासचा प्रिंटर. दुसरं एका घराचं किंवा कारखान्याचं. तिसरं शहरभराचं, तुमचा कारखाना आणि पलीकडच्या टोकाचं तुमचं दुकान जोडतं ते. चौथं जगाचं. कुठून बघू?"

"जगापासून. चोर मोठ्या दारानेच येतो."

"मी असतो तर धाकट्यापासून सुरुवात केली असती."

"धाकट्याचं नाव इथे काढायचं नाही," थोरले म्हणाले.

मंगळवारी जग तोडलं. सुनेचं नवऱ्याशी रोजचं बोलणं होतं, तेही त्याबरोबर तुटलं. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणंही थोरल्यांनी पुरावा म्हणून मनात टिपून घेतलं. बुधवारी शहर तोडलं. दुपारी दुकानातला गुमास्ता घामाघूम होऊन आला. पाठवलेल्या मागण्यांना उत्तर येत नाही, कारखान्यात कोणी दगावलं की काय, ते बघायला. थोरल्यांनी त्याच्याही पिशवीत डोकावून घेतलं.

गुरुवारी सकाळी धाकट्याच्या काचेत नवी चादर. मंगळवारची नक्षी.

"म्हणजे चोर घरातच," थोरले सुनेकडे बघत म्हणाले. "उपटा सगळं."

मास्तरांनी घरचं जाळंही उपटलं. कोपऱ्यात तारांचा ढीग पडला, आणि तिन्ही कॉम्प्युटर लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखे तीन दिशांना तोंडं करून राहिले.

"आता या कारखान्यातून मुंगीसुद्धा निरोप पाठवू शकणार नाही," मास्तर हात झटकत म्हणाले. "तुमचे ते कागद गायब होतात म्हणता, ते तुम्ही तारेने पाठवता ना?"

"छे. तारेवर माझा भरवसा नाही. तार म्हणजे नळी, दुसऱ्या टोकाला कोणीही तोंड लावील. पेपरात वाचलं तेव्हापासून मी हवेतून पाठवतो. तीन आठवडे झाले."

सुनेने मान वर केली. "बाबा, आपल्या प्रिंटरला हवेतलं काही कळत नाही. तो नुसता तारेचा आहे."

"मग टॅब्लेटच्या यादीत प्रिंटरचं नाव कसं येतं? एकच येतं. हे बघ." थोरल्यांनी टॅब्लेटवर बोट टेकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: छापले.

सगळे त्यांच्या प्रिंटरकडे बघत राहिले. तो ढिम्म. आणि एका विटेच्या भिंतीपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, काहीतरी खर्र, खर्र करत चालू झालं.

मास्तरांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ ठेवला, कारण तोंड वळवलं असतं तर हसू दिसलं असतं.

थोरले तडक पलीकडे गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. धाकट्याने दार उघडलं. हातात कागद होता, अजून गरम.

"ये दादा. आजचं पान घाईत काढलंयस."

"माझी नक्षी तुझ्याकडे कशी?"

"तूच पाठवतोस की. मला आधी नवल वाटलं. मग म्हटलं, आपलं पूर्वीचंच चाललंय." तो बाजूला झाला. "वडील काम करताना बोलू देत नसत. तू रेघ काढून कागद माझ्याकडे सरकवायचास, मी रंग भरायचो. वीस वर्षं असंच केलं ना आपण? तू काही बोलला नाहीस, म्हणजे रंगच भरायचा."

"आणि चादरी विकल्यास?"

"एकही नाही. काचेत लावल्या, तुला दिसाव्यात म्हणून. तू रोज समोर थांबतोस, बघतोस, जातोस. रंग पसंत नसता, तर तू गप्प बसणारा नव्हेस."

थोरल्यांनी त्या वाक्याला पुढून, मागून, खालून चाचपून पाहिलं. संशय अडकवायला एक खिळा सापडेना. रंग तर असे भरले होते की आपली रेघ त्यांना स्वतःलाच नवी वाटली.

ते परत आले. सून तारा गुंडाळत होती. त्यांनी किल्ल्या हळूच तिच्याजवळ सरकवल्या.

"अशा नको," ती म्हणाली. "ज्यांच्यादेखत काढून घेतल्यात, त्यांच्यादेखत द्या."

कारागीर आले. मास्तर होतेच. धाकटाही मागोमाग येऊन दारात उभा राहिला. थोरल्यांनी दोनदा घसा खाकरला.

"चोरी आमच्या टेबलावरून झाली," ते म्हणाले. "बोट आमचं होतं. हिचा काही संबंध नव्हता, आणि मी हिला नको ते बोललो."

"आणि शुक्रवारचं?" सुनेने विचारलं.

"कुठल्या शुक्रवारचं?"

"मी जायचं ठरलं होतं, त्या."

थोरले विचारात पडले. "या आठवड्यात शुक्रवार नाही," ते म्हणाले.

दारातून धाकटा म्हणाला, "दादा फक्त वहिनीपुढे हरायचा. ती वारली त्याला सहा वर्षं झाली, तरी अजून दुसऱ्या कोणापुढे हरायला शिकला नाही."

सुनेने किल्ल्या कमरेला अडकवल्या आणि मास्तरांकडे वळली. "आधी जग जोडा. घर, शहर नंतर बघू. तीन दिवस नवऱ्याशी बोलले नाही."

मास्तर शिडी उचलून निघाले. थोरले जागचे हलले नाहीत. मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "त्याला काय काय सांगणार आहेस?"

"सगळं," सून म्हणाली.