पडीक ठरलेली अर्धी जागा

तुम्हाला कधी कुणी मोकळी जागा समजलं आहे का? म्हणजे तुम्ही आहात, कामात आहात, आणि समोरचा बघून म्हणतो, इथं तर काहीच नाही! माझ्या अर्ध्या अंगाला असं म्हटलं गेलं. मी उदगीरच्या अण्णारावांच्या घरातला कॉम्प्युटर बोलतोय.

माझी जुळणी लातूरच्या एका दुकानात झाली. डबा एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, माउस तर तिसऱ्याच कुणाचा. तरी घरात माझा मान मोठा. दर खंडेनवमीला अण्णाराव माझ्या डब्यावर भस्माची तीन बोटं ओढत आणि हात जोडत.

अण्णाराव बाजार समितीतून निवृत्त झालेले. लातूरमधून फुटून उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून गावात एक समिती होती, तिचे ते चिटणीस. सकाळी ते माझ्यावर निवेदनं टाइप करत. दुपारी घर निजलं की त्यांची सून दानम्मा माझ्यासमोर बसे. ती लग्नपत्रिका तयार करून द्यायची. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला बिदरकडच्या पाहुण्यांसाठी कानडी. हे तिचं स्वतःचं काम होतं. घरात दुसरं काहीच तिचं एकटीचं नव्हतं.

समितीच्या लोकांनी आणलेल्या पेन ड्राइव्हमधून मला सारखे व्हायरस लागत. निवेदनं कशीबशी वाचत, पत्रिका जात. म्हणून दानम्माचा नवरा मल्लिकार्जुन पुण्याहून सुट्टीवर आला तेव्हा त्यानं माझ्यात तिच्यासाठी लिनक्सची, म्हणजे असे व्हायरस सहसा न लागणारी, दुसरी सिस्टीम टाकली.

ते साल कोरडं होतं. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. मी बसतो ती खोली ड्रमांनी भरलेली होती, एका रांगेत प्यायचं पाणी, दुसऱ्या रांगेत वापरायचं.

"अण्णा, ह्या ड्रमांसारखंच हाय," मल्लिकार्जुन म्हणाला. "तुमचं तुमच्यात, हिचं हिच्यात. एकाची घाण दुसऱ्यात जाणार न्हाई."

"म्हंजी माझी अर्धी जागा गेली की रे!"

"तुम्हीच तर म्हणता, वाटणी झाल्याबिगर सुधारणा न्हाई."

"ते जिल्ह्याचं हाय. घराचं न्हाई."

तेव्हापासून सुरू झालो की मी आधी विचारायचो, कोणाकडं जाऊ? पडद्यावरच्या यादीत दानम्माची सिस्टीम वर, अण्णारावांची खाली. उत्तर आलं नाही तर थोडं थांबून मी आपला वरच्या सिस्टीमकडं जायचो. अण्णाराव मला सुरू करून चूळ भरायला जात, आणि परत येईतो पडद्यावर सुनेचं घर उघडलेलं असे.

"कर्त्या माणसाला खाली बसवतंय. कुणी शिकवलं ह्याला?" असं म्हणून ते माझ्याकडंच रागानं बघत.

आणखी एक गंमत होती. दानम्माच्या बाजूनं अण्णारावांचं सगळं दिसायचं: निवेदनं, मोर्चाचे फोटो, गुडघेदुखीचे उपाय. अण्णारावांच्या बाजूनं मात्र दानम्माचं काहीही दिसत नसे. जागेच्या नकाशात नुसती एक बिननावाची पट्टी. घरातही तसंच होतं. त्यांचा चष्मा कुठं आहे हे तिला ठाऊक असायचं, आणि ती दुपारी काय करते हे त्यांना ठाऊक नसायचं.

लातूरला निवेदन द्यायला जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. अण्णारावांच्या बाजूला मोर्चाचे फोटो मावेनात. दानम्मा टँकरच्या रांगेत उभी होती. समितीत कॉम्प्युटर कळणारा म्हणून ज्याचा मान, तो व्यंकटी आला.

"अण्णा, एवढी मोठी पट्टी रिकामी पडून हाय. ना नाव, ना गाव."

"पडीक म्हणतोस?"

"पडीकच की. घ्या मोडून!"

मी विचारलं, नक्की पुसू का? मी काय विचारतोय ते न वाचताच व्यंकटीनं हो म्हटलं. शेजारच्या गुरम्माच्या लेकीची पत्रिका, दोन्ही भाषांत होत आलेली, त्या एका बोटात गेली.

मग त्यानं मला बंद करून पुन्हा सुरू केलं. पण कोणाकडं जाऊ हे विचारणारा माझा दारवान दानम्माच्याच अर्ध्यात राहत होता. तो गेल्यावर मला कुठलंच दार सापडेना. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी दाखवून मी थांबलो.

"गाडी उन्हात उभी हाय माझी," म्हणत व्यंकटी निघून गेला.

दानम्मा घागर घेऊन आली, तर अण्णाराव माझ्या डब्यावर थापा मारत होते.

"बघ गं, तुझ्या बाजूनं चालू होतंय का. निवेदन आतच अडकलंय. उद्या सगळे लातूरला निघालेत, अन् मी काय हात हलवत जाऊ?"

दानम्मानं पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या. "माझी बाजू कुठं हाय?"

"व्यंकटी म्हणाला, तिथं काही न्हाई म्हून..."

दानम्मानं घागर खाली ठेवली. "गुरम्मा वैनीला आता काय सांगू?" एवढंच म्हणाली. मग मल्लिकार्जुननं जिच्यावरून लिनक्स टाकली होती ती पेन ड्राइव्ह तिनं आणली, मला लावली आणि तिच्यावरून मला उठवलं. तिच्या बाजूनं अण्णारावांचं सगळं जसंच्या तसं दिसलं. निवेदन तिनं त्यांना काढून दिलं.

तपासायला म्हणून ते मोठ्यानं वाचू लागले, "आमचा भाग इथं नांदतो आहे. परंतु दुरून पाहणाऱ्यास तो पडीक रान वाटतो. आम्हास न विचारता आमचे निर्णय होतात..."

"लई चांगलं लिहिलंय, मामा."

"खरं का?"

"खरं. पडीक तर लईच चांगलं."

अण्णारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पत्रिका परत करता येईल न्हवं?"

"येईल की. जागा पाहिजे माझी."

"लातूरहून आल्यावर बघू."

सरकारचं हेच 'बघू' ऐकून ऐकून तर त्यांची समिती निघाली होती.

मी यंत्र आहे. मला दोन सिस्टीमींचं ओझं कधी झालं नाही. फक्त पुसण्याआधी मी जे विचारतो, ते जरा वाचत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं अण्णाराव वेगळा जिल्हा मागायला लातूरला गेले, आणि दानम्मानं कुणाला न विचारता माझी पुन्हा वाटणी केली.