आमेनच्या आधी

पावाच्या भट्टीवाल्याला पाळकसाहेबांकडून एकच काम हवं होतं, एक फोन. बापाचा नंबर दिसला की पोरगा फोन कापायचा. पण साहेबांनी त्याला बाप्तिस्मा दिला होता, त्यांचा फोन त्याने उचलला असता. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि अंथरुणावरून बायकोचं एकच चाललं होतं, "त्याला बोलवा हो. एकदा बघू दे."

रविवारी उपासना आटोपल्यावर तो चर्चच्या दारात थांबला. नखांत मैदा तसाच. तू स्वतः का फोन करत नाहीस, असं साहेबांनी विचारलं असतं तर पोराला घालवून दिल्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने लांबून सुरुवात केली.

"साहेब, हिचं काही खरं नाही. आणि पोरगा..."

"समजलं." साहेबांनी त्याचे हात धरले, डोळे मिटले. "चला, प्रार्थना करू."

मिटलेल्या डोळ्यांपुढे माणूस काय बोलणार? साहेबांची ही जुनी खोड. समोरच्याचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचे डोळे मिटायचे. मंडळीतली पोरंटोरं त्यांना 'झटपट आमेन' म्हणायची आणि मोठी माणसं हसायची. हसण्यासारखं काय होतं त्यात? कुणाचं तोंड दाबायचं तर सरळ हाताने दाबावं, त्याला देवाचं नाव कशाला लावायचं?

आमेन झाल्यावर खांद्यावर थाप पडली. "मरणाची भाषा घरात नको. आणि पोराचं म्हणाल तर त्याला वेळ द्या. येईल आपणहून."

वेळच तर नव्हता! पण साहेबांचा हात एव्हाना मागच्या माणसाच्या हातात गेला होता.

घरी बायकोने विचारलं, "करतायत फोन?"

"प्रार्थना केली."

"मी फोन म्हटलं होतं. तुम्हाला यीस्ट आणायला धाडलं तर मीठ आणाल." ती हसली आणि खोकल्याने वाकली. दम खाऊन म्हणाली, "प्रभूने आंधळ्याला विचारलं, बाबा, तुला काय हवंय? तो आंधळा आहे हे प्रभूला दिसत नव्हतं? तरी विचारलं. आणि थांबला ऐकायला. साहेबांना घरी बोलवा, मीच सांगते."

साहेब आले. चांगला माणूस, आजाऱ्याकडे यायला कधी टाळाटाळ नाही. खुर्ची तिच्या उशाशी ओढून बसले. तिने कोपरावर भार देऊन मान उचलली. सगळा जीव गोळा करून म्हणाली, "साहेब, माझा पोरगा..."

साहेबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मान उशीवर गेली, त्यांचे डोळे मिटले, आवाज चढला. भट्टीवाल्याला तिचे ओठ हलताना दिसत होते. त्याने खाकरून पाहिलं. प्रार्थनेत आडवं यायची त्याची छाती झाली नाही. आमेन झालं तेव्हा तिला ग्लानी आली होती. त्यातून ती उठलीच नाही.

पोराला बातमी शेजाऱ्यांनी कळवली. तो आला तेव्हा तिची शवपेटी दिवाणखान्यात ठेवलेली होती. पेटीशी उभं राहून त्याने तोंड उघडलं, "आई..."

साहेब पुढे झाले. त्यांचे हात जुळले, पापण्या खाली येऊ लागल्या.

भट्टीवाल्याने ते जुळलेले हात धरून वेगळे केले. सगळ्या मंडळीसमोर. "डोळे उघडे ठेवा साहेब. तिचं ऐकायचं राहिलं. ह्याचं तरी पुरतं ऐकू."

साहेबांचे हात तसेच लोंबत राहिले. कुठे ठेवावेत त्यांना कळेना.

पोरगा बापाकडे न बघता म्हणाला, "माझी आठवण काढली का तिने? की तुम्ही तिलाही बजावलं होतं, त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून?"

'काय बोलतोस, कुणासमोर बोलतोस' असं बापाच्या अगदी ओठांवर आलं. आयुष्यभर तेच आलं होतं. त्याने ते गिळलं, खुर्ची ओढली आणि पोरासमोर बसला.

"शेवटपर्यंत तुझंच नाव," तो म्हणाला. "बोल तू. मी ऐकतोय."