बंद फाटकाकडे जाणारा बाण

शामरावाला अच्युतबाबू पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायचा. दोघे एकाच कॉलनीतले, एकाच रेल्वेतून निवृत्त झालेले. पण अच्युतबाबू ऑफिसातला आणि शामराव रुळांवरचा चावीवाला. तीस वर्षं खांद्यावर हातोडा टाकून तो सरस्वती नगर ते सरोना रोज चालला, रुळांच्या सैल चाव्या ठोकत. अच्युतबाबू पंख्याखाली बसून त्याच रुळांचे नकाशे सांभाळायचा. तेवढ्यावरून त्याला जो ताठा चढला, तो पेन्शन लागली तरी उतरला नाही.

रायपूर राजधानी झालं आणि भल्याभल्यांना सकाळी चालण्याचं वेड लागलं. कॉलनीच्या समितीने ठरवलं, या दोन स्टेशनांमध्ये म्हाताऱ्यांना झेपेल असा सोपा रस्ता आखायचा. रुळांवरून चालायचं नाही, गल्लीबोळांतून जायचं, येताना पॅसेंजर पकडायची. वळणावळणावर बाण आणि शेवटी रस्ता आखणाऱ्याच्या नावाची पाटी.

"मेरे आजोबा को तो आँख बंद करके पता है!" शामरावाची नात पायल सगळ्यांसमोर म्हणाली. हजेरीबुकाशिवाय त्याचं नाव आजवर कुठे लागलं नव्हतं. आता ते पायलने पाटीवर वाचायला हवं, एवढंच त्याच्या मनाने घेतलं.

रविवारी रस्ता दाखवायला पंधरा माणसं मागे घेऊन तो निघाला. दोन गल्ल्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या वळणावर पाय अडला. खांबांचे नंबर त्याला पाठ होते, पावसात खडी कुठे खचते तेही ठाऊक होतं. पण रुळांच्या बाजूला कुठला पारा म्हणजे कुठली वस्ती, कुठलं तळं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कधी? नजर चावीवरून हटली आणि गाडी घसरली, तर जबाब कोण देणार? अंदाजाने तो डावीकडे वळला आणि पंधराच्या पंधरा जण एका गोठ्यात शिरले.

"कहाँ खुसरत हव?" शेणाची टोपली घेतलेली बाई खेकसली.

अच्युतबाबू टपूनच बसला होता. "तीस साल चालला, अन् रस्ता माहीत नाही! खाली मान घालून चालणाऱ्याले काय दिसते?"

सगळे हसले. पायलही हसली. शामरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रस्त्याचं काम अर्थातच अच्युतबाबूकडे गेलं. त्याने घराबाहेर पाऊल न टाकता, जुन्या ऑफिसच्या नकाशावरून तो आखला. समितीच्या बैठकीत कागद पसरला तेव्हा शामरावाने एका नजरेत चूक ओळखली. तळ्यापुढच्या फाटकातून रूळ ओलांडायचे होते. ते फाटक कधीच बंद झालं होतं, तिथली भिंत त्याच्या देखत उभी राहिली होती.

"अच्युतबाबू, त्या फाटकाचं सांगतो..."

"तुम्ही राहू द्या, शामराव. गोठा पाहाचा असला त सांगतो तुमाले."

पुन्हा हशा पिकला. आता मेलो तरी सांगणार नाही, असं शामरावाने ठरवलं.

उद्घाटनाला चाळीस माणसं जमली. अच्युतबाबू गळ्यात हार घालून पुढे, बाण बघत बघत मागे सगळे. तळं मागे पडलं आणि पेंटरने कागद बघून जसाच्या तसा काढलेला शेवटचा ताजा पिवळा बाण सरळ भिंतीकडे घेऊन गेला. दोन म्हाताऱ्या मटकन खाली बसल्या. अच्युतबाबूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि शामरावाने तो पोटभर पाहून घेतला.

पायल धावत त्याच्याकडे आली. "आजोबा, आपको तो पता होगा ना? अब किधर से जाएँ?"

पलीकडे जायचा पुलाखालचा बोगदा तिथून शंभर पावलांवर होता. रोज त्या बोगद्याच्याच डोक्यावरून चालला होता तो. ओठांवर आलेलं शामरावाने गिळलं.

"मले काय माहीत? मी त खाली मान घालून चालत होतो."

पायल त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूहळू तिची मान खाली गेली. ती पुन्हा वर बघेल म्हणून शामराव थांबला, पण ती तशीच वळली आणि त्या म्हाताऱ्यांना उठवायला गेली.